ढाक्याला जाण्याआधी

चि. राजूस अनेक आशीर्वाद.

ढाक्याची बदली नक्की झाल्याचं काल फोनवर कळलं. कंपनीने एवढी जबाबदारी टाकली, चांगलंच झालं. आईने सकाळपर्यंत अख्ख्या वाड्याला सांगून टाकलं. मी गप्प राहिलो, कारण माझ्या डोक्यात पहिलं हेच आलं, की कपड्यांच्या ज्या फॅक्टरीत माल घ्यायला जाशील तिचे जिने बघ.

चवथीला गणपतीवरच्या माटोळीखाली उभा राहून तू तिरुपूरच्या कपडे शिवून देणाऱ्या माणसाशी फोनवर बोलत होतास. त्याच दिवशी, 27 ऑगस्ट 2025 ला, अमेरिकेचा आपल्या मालावरचा वाढीव कर 50 टक्के झाला. बांगलादेशावर 20. "ऑर्डर तिकडे वळवायची, दुसरं काय," म्हणालास. तुझा एक ईमेल. त्याची मशिनं मात्र कर्जावर घेतलेली असणार. आपले खनिज वाहणारे दोन टिपर आठव. चीनला खनिज हवं होतं तोवर बँकवाले दारात यायचे. 2012 ला गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि डिचोलीच्या रस्त्याकडेला उभ्या ट्रकांच्या टायरांत रान माजलं. आपलं कारण वेगळं होतं, खाणवाल्यांनी कायदा धाब्यावर बसवला होता, मान्य. पण हप्ता काही कारण विचारून येत नाही.

ते राहू दे. मला जिन्याचं सांगायचं होतं. ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा नावाची इमारत होती, वरच्या मजल्यांवर कपडे शिवायचे कारखाने. 23 एप्रिल 2013 ला भिंतींना भेगा दिसल्या. खालची बँक बंद झाली. शिलाईच्या बायकांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं, माल वेळेवर जायचा होता ना! इमारत कोसळली, अकराशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर तपासण्या कडक झाल्या, हे तू सांगतोस आणि मीही वाचलंय. पण तुम्ही दर पाडून मागता, तेव्हा तो मालक कुठे कापणार? सुताचा भाव त्याच्या हातात नाही, किमान पगार सरकारने 12,500 टका ठरवलाय. मग राहतो ओव्हरटाइम, नाहीतर आग लागल्यावर पळायची वाट.

झालं, पुन्हा भाषण. रागावू नकोस. आठवीत असताना डबा घेऊन खाणीवर यायचास आणि सगळ्यांसमोर विचारायचास, "बाबा, ब्रेकचं तेल बघितलं?" मी तुझ्यावर खेकसायचो. ड्रायव्हर हसायचे, पण तू गेलास की गुपचूप बघून घ्यायचे. तिथे तसंच विचार. तुझ्या साहेबाला आवडलं नाही तरी विचार. गठ्ठे दारात रचलेत का, वरच्या मजल्याचं कुलूप काढलंय का.

आईने सोलं बांधून ठेवलीत. वरच्या घराच्या कौलांचं मी बघतो, पैसे पाठवू नकोस. बाळ्याकाकाला मात्र एक फोन कर, तो अजून धुसफुसतोय.

पोचलास की कळव. फॅक्टरीतून नको, बाहेर येऊन फोन कर.

तुझा,
बाबा