‘इथं उतरून ढकललं तरी चालतं’ असं लिहिणाऱ्या काकांना

काका, सा. न.

समोर बसून हे बोलायला गेले असते तर गळा दाटून आला असता, म्हणून लिहितेय.

पुण्याहून सायकलनं केळशीला जायचं, हे आई गेल्यापासून मनात होतं. कोकणातलं केळशी तिचं माहेर. दोन वर्षं मी ज्याला-त्याला रस्ता विचारत होते. एका नावाजलेल्या आयोजकाला तर पैसे मोजून मार्ग आखून घेतला. त्यांनी पाठवला तो चक्क गाडीचा रस्ता. माणगावला मुंबई-गोवा महामार्गाला लागा, ट्रकांच्या कडेकडेनं जा, आंबेतच्या पुलावरून मंडणगड गाठा. वाटेत समुद्राचं दर्शनसुद्धा नाही. पुन्हा विचारलं तर म्हणे, “मॅडम, ॲप हाच रस्ता दाखवतं.” सोबत सायकल चालवणारी मुलं म्हणाली, “ताई, ई-बाइक घ्या.” सत्तेचाळिसाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यानं निघालेल्या बाईला हे किती लागतं, ते त्यांना कळलंही नसेल.

तुमची-माझी ओळख ती काय, दुकानात ब्रेक बदलताना झालेली. तरी तुम्ही म्हणालात, “रविवारी घरी या, नकाशा बघू.” आणि अख्खी दुपार दिलीत.

उंचीच्या रेघा वाचायला तुम्ही शिकवलंत. रेघा दाटीवाटीनं आल्या की चढ उभा. एकूण चढाचा आकडा बघून घाबरायचं नाही, एका किलोमीटरात किती चढायचंय ते बघायचं. दहा किलोमीटरात दोनशे मीटर गप्पा मारत चढता येतात, एका किलोमीटरात शंभर चढताना छाती फुटते. नकाशातली ही उंची बरीचशी 2000 साली अंतराळयानातून रडारनं मोजलेली, एका चौकोनाला एकच आकडा, त्यामुळे डोंगर कापून काढलेल्या रस्त्याला कधीकधी शेजारच्या कड्याची उंची चिकटते, हेही तुम्हीच सांगितलंत. मग उपग्रहाच्या चित्रात रस्ता डांबरी आहे की लाल मातीचा, ते बोट ठेवून दाखवलंत.

आणि मग ती रेघ. हरिहरेश्वरच्या खाली, सावित्रीच्या मुखावर, बागमांडल्याहून वेश्वीला जाणारी बारीकशी तुटक रेघ. “ही जंगलजेटी, म्हणजे खाडी ओलांडणारी फेरीबोट. सायकल बोटीत चढते.” दोन वर्षांत एकालाही ती रेघ दिसली नव्हती. तुम्ही तिथल्या तिथे फोन लावून पहिली बोट कधी सुटते तेही विचारून घेतलंत.

ताम्हिणी उतरले, म्हसळ्यावरून श्रीवर्धन गाठलं, हरिहरेश्वरला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी बोटीतून सायकल उतरवली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. कोकणात खाडी आली की उतरायचं आणि पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर चढायचं, हे तुम्ही बजावलं होतं. पण वेश्वीच्या पुढे एका वळणावर पाय साफ गळाले. मागून जीप येत होती. उतरायची लाज वाटत होती. तेवढ्यात फोन वाजला. फोनमधल्या नकाशात त्या वळणावर तुम्ही मला न सांगता एक खूण करून ठेवली होती. पडद्यावर अक्षरं आली. ‘इथं उतरून ढकललं तरी चालतं. मीही ढकलतो. पुढच्या आंब्याखाली सावली आहे.’

काका, मी उतरले. ढकलत गेले. आंबा तिथंच होता. त्याच्या मुळावर बसून मी पोटभर रडले.

समोरच्याला काय जड जाणार आहे, हे त्याच्या आधी ओळखून त्याच्या वाटेत मऊसं काहीतरी ठेवून द्यायचं आणि त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. अशी माणसं मी फार थोडी पाहिली. माझी आई तशी होती. शेजारणीच्या बाळंतपणात ती हाक यायच्या आधीच पाणी तापत ठेवायची.

संध्याकाळी केळशीत पोचले. मामींनी पायावर पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी महालक्ष्मीच्या देवळात जाऊन आले, आईच्या नावानं नारळ ठेवला.

एक सांगायचं राहिलं. ओपनस्ट्रीटमॅप हा इंटरनेटवरचा नकाशा 2004 पासून तुमच्या-माझ्यासारख्यांनीच भरत आणलाय, असं तुम्ही म्हणाला होतात. मामांच्या अंगणाबाहेरची विहीर त्यात नव्हती. त्यांना विचारून ती मी घातली आहे. पाणी गोड आहे, रहाट आहे, दोर नवा आहे. त्या बाजूला आलात तर थांबा.