टेलला किती पोचलं?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला पहिल्या दीर्घिकांवरचा लेख वाचला. पहिले तारे पेटले आणि विश्वातलं धुकं फिटलं, एवढ्यावर लेखकाने विषय उरकला आहे. माझी नोकरी जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर गेली. 208 किलोमीटरचा कालवा. धरणातून किती सोडलं ते पैठणला बसून सांगता यायचं; परभणीकडे टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, किती पोचलं, ते तिथं जाऊनच कळायचं. लेखात विसर्ग आहे, टेल नाही: ताऱ्यांनी प्रकाश सोडला ते आहे, दीर्घिकेबाहेर किती पोचला ते नाही.

विश्व 3 लाख 80 हजार वर्षांचं असताना हायड्रोजन उदासीन झाला, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन अणूत जाऊन बसले. पुढे साधारण 100 कोटी वर्षांच्या सुमारास दीर्घिकांमधल्या पोकळीतला हायड्रोजन पुन्हा आयनीभूत झालेला होता, म्हणजे त्याचे इलेक्ट्रॉन सुटे झाले होते. त्यासाठी 91.2 नॅनोमीटरपेक्षा आखूड लांबीचा अतिनील प्रकाश लागतो. तो देतात मोठे, तप्त तारे. पण ते जन्मतात दाट वायूच्या ढगात, आणि तिथलाच हायड्रोजन हा प्रकाश आधी पितो. एकदा पिऊन भागत नाही. दाट वायूत सुटलेला इलेक्ट्रॉन लवकरच पुन्हा अणूत जाऊन बसतो, की तहान परत तयार. भेगाळलेल्या काळ्या रानाला पहिलं पाणी देणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

म्हणून सगळी मदार वायूच्या ठेवणीवर. तो सारखा पसरलेला असता, तर फारसं काही बाहेर पडलंच नसतं. पण तो गुठळ्यांचा असतो. ताऱ्यांचे वारे आणि स्फोट त्यात खिंडारं पाडतात, तिथून प्रकाश निसटतो. त्यातही घाई आहे. सर्वांत मोठे तारे जेमतेम काही दशलक्ष वर्षं जगतात. चारीतला गाळ काढेपर्यंत आवर्तन संपावं, तसं तिथंही होऊ शकतं. (चारीचं मी स्वतः पाहिलंय, दोनदा.)

त्या काळातला हा प्रकाश आपल्यापर्यंत येत नाही. वाटेतला उदासीन हायड्रोजन तो गिळतो. म्हणून त्या मानाने अलीकडच्या काळातल्या तशा दीर्घिका तपासाव्या लागतात. इथं लेखकाने पुण्याला विसरायला नको होतं. तिथल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतल्या कनक साहा यांच्या गटाने भारतीय उपग्रह ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’च्या अतिनील दुर्बिणीने 9.3 अब्ज प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून असा प्रकाश निसटताना टिपला. निरीक्षण ऑक्टोबर 2016 चं, 28 तासांचं. शोधनिबंध आला ऑगस्ट 2020 मध्ये. निसटलेला वाटा 20 टक्क्यांहून जास्त निघाला. आमच्या खात्यात गळतीचा हिशेब लावायलाही वर्षं लागायची, त्यामुळे या उशिराचं मला नवल वाटलं नाही.

पुढच्या लेखात हा निसटणारा वाटा येऊ द्या. मधल्या पानावरचं रंगीत चित्र थोडं लहान केलं, तर जागा निघेल.

— निवृत्त कालवा निरीक्षक, पैठण