बेगमी आणि आजची भाकर

वेंगुर्ले, ९ जून

प्रिय बाबल्या,

प्रभूच्या नावाने सलाम.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उशिराला कारण आगोटीची धांदल. मुंबईत तू विसरला असशील, पण इथे मे सरता सरता घराचं गोदाम होतं. पडवीत लाकडं रचून झाली, आमसुलं बरणीत गेली, खारे बांगडे, गोलमा, कुळीथ, उकड्या तांदळाचे दोन पिंप, सगळं जागच्या जागी. परवा रात्री पावसाची पहिली सर कौलांवर वाजली तेव्हा मी अंथरुणात पडल्या पडल्या मनात सगळं मोजून घेतलं, आणि मग शांत झोपलो. म्हणजे बघ, तुझ्या या 'विश्वासू' मित्राला झोप कशाने लागते ते!

तू लिहिलंस, 'वादळानंतर तू सगळं देवाच्या हाती सोपवलंस, मला नोकरी गेल्यापासून तेवढंच जमत नाहीये.' हे वाचून मला लाज वाटली. उत्तराला उशीर झाला त्याचं खरं कारण हेच आहे.

त्या वादळाचं आज तुला नीट सांगतो. १६ मे २०२१, रविवार. टाळेबंदीमुळे चर्चला कुलूप होतं, म्हणून आम्ही घरीच उपासनेला बसलो होतो. बाहेर तौक्ते घोंघावत होतं. गीत म्हणताना एकमेकांचा आवाजही ऐकू येत नव्हता. मांगराचं छप्पर गेलं, मग बागेतून एकामागून एक आवाज यायला लागले. हापूसची अकरा कलमं मुळासकट आडवी झाली. त्यातली सहा आजोबांच्या हातची. पुढे चर्च उघडल्यावर मी साक्ष दिली, 'परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले. धन्य परमेश्वराचे नाम.' पाळकसाहेबांचे डोळे भरून आले, लोकांनी मला धरून प्रार्थना केली. तू ऐकलंस ते हेच.

पण बाबल्या, वाऱ्याने नेलं ते मी 'अर्पण केलं' म्हणून सांगितलं! ती झाडं माझ्या हातात राहिलीच कुठे होती? राजा दावीद अरवनाच्या खळ्यात वेदी बांधायला जातो ती गोष्ट आठव. अरवना म्हणतो, खळं घ्या, बैल घ्या, जळणाला लाकडंही घ्या, सगळं तुमचंच. दावीद पन्नास शेकेल चांदी मोजून देतो आणि म्हणतो, ज्याला मला काही खर्च पडला नाही असं अर्पण मी माझ्या देवाला करणार नाही. माझ्या अकरा कलमांना मला काय खर्च पडला? नुकसान झालं, ते वेगळं. नुकसान आणि अर्पण यांत फरक असतो, हे कळायला मला इतकी वर्षं लागली.

कळलं तेही बायकोमुळे. रोज रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत आम्ही निर्गम वाचत होतो. सोळाव्या अध्यायापर्यंत आलो, मान्नाचा, म्हणजे रानात देव इस्राएल लोकांना रोज आभाळातून देई त्या अन्नाचा. माणशी एक ओमर, म्हणजे एक माप, गोळा करा, सकाळपर्यंत ठेवू नका. काहींनी ठेवलाच, त्यात किडे पडले आणि घाण सुटली. इथे ती खुदकन हसली. गेल्या पावसाळ्यात तिचं न ऐकता मी एक पिंप तांदूळ जास्त भरला होता आणि श्रावण यायच्या आत त्यात टोके, म्हणजे धान्यातले किडे, झाले होते. 'तुमचो मान्ना,' ती म्हणाली. मी रागावलो. मग पुढच्या ओळी मोठ्याने वाचल्या, मुद्दाम. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला देवानेच सांगितलं, आणि शब्बाथासाठी, सातव्या विसाव्याच्या दिवसासाठी, ठेवलेल्या त्या मान्नात किडे पडले नाहीत. अहरोनाने तर एक ओमर भरून पुढच्या पिढ्यांसाठी राखून ठेवला. म्हणजे साठवण हे पाप नव्हे! मी जिंकलो होतो. ती निवांत म्हणाली, 'मग तुम्ही साठवतां ता कोणी सांगितल्यान म्हणून?'

त्या रात्री मला झोप लागली नाही. मान्ना तोच, भांडंही तेच. एकाने सांगितलं म्हणून ठेवला, दुसऱ्याने उद्या आभाळातून पडेल की नाही या भीतीने. आपण कोकणातली माणसं. पूर्वी तर चार महिने वाट बंद, दर्या बंद असायचा, आजही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, तेव्हा बेगमी केलीच पाहिजे. ती मी सोडणार नाही, तूही सोडू नकोस. हापूसचं झाड एक वर्षाआड धरतं, म्हणून मी कलमांना कल्टार, दरवर्षी धरायला लावणारं औषध, घालतो, तेही चालू राहील. नुसतं हात जोडून बसणाऱ्या भक्तीचं मला कधी कौतुक वाटलं नाही.

खरं सांगायचं तर मोठ्या त्यागाचंही मला जरा भय वाटतं. भजनं लिहिणारे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्या कोकणातलेच, १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेले. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरीही सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती घेतली. त्यांची भजनं म्हणताना आजही अंगावर काटा येतो. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या आठवणी वाचल्यापासून मला सारखी त्यांच्या चुलीची काळजी वाटते. समर्पण एकाचं आणि ओढाताण दुसऱ्याची, असं फार घरांत होतं. तू घरी बसलास तर तुझ्याही घरी होईल. तेव्हा 'देवावर सोडलं' म्हणून अर्ज करायचे थांबवू नकोस.

शिमोन पेत्र या कोळ्याचं मला म्हणून आवडतं. रात्रभर काही मिळालं नाही, किनाऱ्यावर बसून ते जाळी धूत होते. आणि प्रभू म्हणतो, पुन्हा सोड. आपण लहानपणी रापण ओढायला जायचो, आठवतं ना? धुतलेलं जाळं परत पाण्यात टाकायचं म्हणजे परत सगळा पाला काढा, परत धुवा, परत वाळत घाला. पेत्र म्हणाला, 'तरी आपल्या सांगण्यावरून मी जाळी सोडतो.' दमलेल्या माणसाचा हा आवाज आहे, आणि त्यातला 'तरी' मला फार जवळचा वाटतो.

माझ्या उपासनेतही एक गोष्ट उघडी पडलीय. लहानपणी तुमच्या आळीत जत्रेचं गाऱ्हाणं ऐकायला आपण भिंतीआड उभे राहायचो, प्रत्येक मागणीला 'व्हय म्हाराजा'. माझी प्रार्थना हल्ली तशीच झाली होती, यादी माझी आणि 'आमेन' देवाने म्हणायचं. गाऱ्हाण्यात वाईट काही नाही, स्तोत्रसंहिता गाऱ्हाण्यांनी भरलेली आहे. पण माझ्या यादीत एक कलम कधीच नव्हतं.

ते म्हणजे गडगा, दगडांची कुंपणभिंत. माझ्या आणि थोरल्या भावाच्या बागेमधला. तुला सगळं माहीत आहे, परत लिहीत नाही. दोन हात जमीन आणि एक बरका फणस. तारखा पडतात, वकिलाला पैसे जातात, आणि दर रविवारी आम्ही दोघे एकाच चर्चमध्ये दोन टोकांना बसतो. प्रभूच्या प्रार्थनेतली 'जसे आम्हीही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' ही ओळ आली की मी खोकतो. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' या ओळीनंतर लगेच तीच ओळ येते, ती चुकवता येत नाही. अकरा कलमं मी देवाला दिली म्हणून मिरवलं, आणि एक फणस सुटत नाही!

गेल्या सोमवारपासून मी एवढंच करतो. सकाळी गडग्यापाशी जाऊन उभा राहतो आणि म्हणतो, 'आजच्यापुरता.' आजच्या दिवसापुरता हा फणस माझा नाही. उद्याचं मला जमणार नाही, ते उद्या बघू. दोन दिवस जमलं, बुधवारी जमलं नाही, भावाच्या गड्याशी भांडून आलो. गुरुवारी परत उभा राहिलो.

तुझ्या नोकरीसाठी रोज रात्री आम्ही दोघं प्रार्थना करतो. पैशाची अडचण असेल तर लाजू नकोस, स्पष्ट लिही. आणि एक पिंप तांदूळ जादा आहेच, टोके व्हायच्या आत पोरांना घेऊन ये.

तुझा,
भाऊ

ता. क. पत्र पाकिटात घालताना पुतण्या आला होता. त्याला म्हटलं, पावसाने सडण्याआधी फणस काढून ने. त्याने सहा नेले. मोजले मी.