अजिवलीची देवराई : रविवारसाठी सूचना

मंडळी, येत्या रविवारी मावळातल्या अजिवलीच्या देवराईत साफसफाईला जायचं आहे. सकाळी ७ वाजता वाघजाईच्या देवळापाशी जमा. ही सहलीची जागा नाही. गावाने पिढ्यान्‌पिढ्या देवीच्या नावाने रान राखलं, म्हणून इथले भेरली माड (ताडाच्या कुळातली उंच झाडं) अजून उभे आहेत.

– फक्त प्लास्टिक गोळा करायचं. पडलेला ओंडका हलवू नका, तो कुजतो तिथेच अळंबी उगवते.
– नवसाच्या घंटा, बांगड्या, जुने दगड यांना हात लावायचा नाही. त्यांचं काय करायचं ते गावकरी ठरवतील.
– "चार रोपं लावू या का?" असं दरवेळी कुणीतरी विचारतंच. नको! रान आहे तसंच राहू द्यायचं.
– ड्रोन, स्पीकर घरीच.
– पाणी, हातमोजे, रिकामं पोतं आणा.

नावं शुक्रवारपर्यंत कळवा.