उपासाचा दिवस टाळून तारीख देणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

आईची कवळी बसून महिना झाला. काल तिने ज्वारीची भाकरी दुधात न कुस्करता खाल्ली आणि लगेच मला फोन केला, "डॉक्टरीणबाईंना कळव." फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणून विषय संपवाल हे माहीत आहे, म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

फेब्रुवारीत आम्ही तुमच्याकडे आलो तेव्हा तिचा डावा गाल टम्म सुजला होता. त्याआधी दुसरीकडे दाखवून झालं होतं. तिथे तोंडात बॅटरी मारून सांगितलं, सात दात काढावे लागतील; रक्त पातळ करायच्या गोळ्या पाच दिवस बंद करा आणि सोमवारी या. आईच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसून तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते, आणि त्यात गुठळी होऊ नये म्हणूनच तर त्या गोळ्या होत्या. आणि मी, शिकलेली बाई, त्या गोळ्या खरंच डब्यातून काढून ठेवणार होते.

तुम्ही तिला खुर्चीवर घेण्याआधी सगळी पाकिटं टेबलावर मांडायला लावलीत. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ करायच्या त्या याच दोन), साखरेच्या दोन, बीपीची एक. मग विचारलंत, "रोजचं सोडा. वर्षा-सहा महिन्यांनी घ्यायचं एखादं इंजेक्शन आहे का, हाडांसाठी?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. होतं की! मनगट मोडल्यावर हाडं ठिसूळ निघाली, म्हणून वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड सांगितलं होतं. पहिला डोस मार्चमध्ये व्हायचा होता. दाताच्या डॉक्टरांना हे सांगायचं असतं, हे आमच्या डोक्यातही नव्हतं.

केसपेपरच्या पाठीमागे तुम्ही जबडा काढून समजावलंत. हे औषध हाडात वर्षानुवर्षं मुरून राहतं. त्यानंतर दात काढला तर क्वचित कुणाची जखम भरत नाही, जबड्याचं हाड उघडं पडतं. फार थोड्यांना होतं, घाबरायचं नाही, पण पहिला डोस अजून व्हायचाच आहे तर क्रम आपल्या हातात आहे: दात आधी, हिरड्या भरू द्यायच्या, मग इंजेक्शन.

तेवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. आमच्यासमोर हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावलात. ऑपरेशनच्या गडबडीत होते ते, दुपारी परत लावलात. ठरलं असं, की गोळी एकही बंद करायची नाही, स्टेंटला सहा महिने उलटू द्यायचे, आणि एका वेळी तीन-चारच दात. सूज मात्र तशी ठेवून चालणार नव्हतं, म्हणून त्याच दिवशी दाढ वरून उघडून पू काढलात. हाडांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिलीत, मार्चचं इंजेक्शन जूनवर गेलं. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 9.2 टक्के होती, तिच्यामागे आईला लावलंत. एप्रिलपर्यंत ती 7.6 वर आली. (यात माझा वाटा शून्य. तिने चहातली साखर तुमच्या धाकाने सोडली, माझ्या सांगण्याने वीस वर्षांत सोडली नव्हती.)

शेजारच्या काकांनी मध्येच शंका काढली, की आम्हाला दात काढायच्या तासभर आधी अँटिबायोटिक देतात, हिला कसं नाही? तुम्ही न वैतागता सांगितलंत, त्यांची हृदयाची झडप बदललेली आहे, हिचा स्टेंट आहे, दोन्हींचे नियम वेगळे.

आणि ते कालनिर्णय! एप्रिलची तारीख देताना तुम्ही भिंतीवरचं पान बघितलंत आणि म्हणालात, "या दिवशी संकष्टी आहे. काकू उपास करणार, मला तर त्या सकाळी नाश्ता करून, गोळ्या घेऊन आलेल्या हव्यात." आई मला म्हणाली, ही बाई आपल्यातली आहे. तुमची जात-गाव काही न विचारता म्हणाली, तिच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट.

आधी उजवीकडचे चार, दोन आठवड्यांनी डावीकडचे तीन, म्हणजे एका बाजूने तरी चावता यावं. प्रत्येक खाचेत जेलफोम (रक्त थांबवणारा, आपोआप विरघळणारा स्पंज), वर टाके. दुसऱ्या वेळी रात्री नऊ वाजता उशीवर लाल डाग दिसला आणि माझं अवसान गळालं. तुम्ही फोन उचललात, "थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, गॉज अर्धा तास दाबून धरा, मी जागी आहे." पावणेदहाला थांबलं. तरी दहाला तुमचाच फोन आला.

जूनमध्ये तुम्ही हिरड्या तपासून हिरवा कंदील दाखवलात, मग सलाइन झालं. जुलैअखेर कवळी.

आता डाव्या बाजूला ती जरा टोचते म्हणते. हाडांचं इंजेक्शन झालंय, तेव्हा टोचलं की अंगावर काढायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून या आठवड्यातच घासून घ्यायला येतो. दिवस आईने आधीच बघून ठेवलाय, संकष्टी सोडून.

तुमची,
काकूंची मुलगी