वरची दाढ खाली उतरलेली असताना इम्प्लांट बसवल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, रुग्ण तक्रार विभाग

विषय: उपचाराचा चुकलेला क्रम आणि निरोगी दाढ घासण्याचा आग्रह

महोदय,

तुमच्या क्लिनिकमध्ये माझ्या खालच्या पहिल्या दाढेच्या जागी इम्प्लांट (हाडात बसणारं कृत्रिम मूळ) बसवलं. टाके सुकले, हाडानेही ते नीट धरलं. कॅपचं माप द्यायला आले तेव्हा डॉक्टरांनी तोंड मिटायला लावलं आणि म्हणाले, "अहो, इथे कॅपला जागाच नाही!"

नसणारच. खालची दाढ काढून कित्येक वर्षं झाली, हे माझ्या केसपेपरच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे. खालून आधार गेला की वरची दाढ हळूहळू खाली उतरते, बऱ्याचदा हाड आणि हिरडीसकट. तुम्हीच काढलेल्या ओपीजीमध्ये, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये, ती शेजारच्या दाढांच्या रेषेखाली आलेली दिसते. मला दिसली, योजना आखणाऱ्याला का दिसली नाही?

आता म्हणता, वरची दाढ "थोडीशी" घासू, रूट कॅनल करू, तिलाही कॅप घालू. प्लास्टरच्या साच्यावर मोजलं तर हे थोडंसं जवळजवळ ३ मिमी भरतं. दाढेच्या टोकांवरचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरणच, जेमतेम २ ते २.५ मिमी जाड असतं. त्या दाढेला ना कीड ना कळ. तुमच्या नियोजनाची किंमत तिने का मोजायची?

मी बाहेर एका ऑर्थोडॉन्टिस्टना (दात सरकवून जागेवर आणणाऱ्या तज्ज्ञांना) रिपोर्ट दाखवले. हिरडीतून हाडात गालाच्या आणि टाळूच्या बाजूला एकेक मिनी-स्क्रू बसवून इलॅस्टिक चेनने दाढ वर चढवता येते, असं त्यांनी सांगितलं. ओढ दोन्ही बाजूंनी हवी, नाहीतर दाढ कलंडते. वेळ लागतो, काही महिने. स्क्रू ढिला होऊ शकतो, मुळं थोडी झिजू शकतात, दाढ परत उतरू नये म्हणून नंतर काळजी घ्यावी लागते, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. तुमच्याकडे हा पर्याय कुणी उच्चारलासुद्धा नाही. माझा खरा संताप इथे आहे: इम्प्लांट हाडात धरेपर्यंत मी नुसती थांबून होते, त्याच महिन्यांत दाढ वर चढवण्याचं बरंचसं काम उरकलं असतं.

संमतीपत्रावर माझी सही आहे ती एका इम्प्लांटसाठी आणि एका कॅपसाठी. वरच्या दाढेचा त्यात उल्लेखही नाही.

तेव्हा ओपीजी, साचे आणि केसपेपरच्या प्रती मला द्याव्यात. तुमच्या ऑर्थोडॉन्टिस्टनी तपासून लेखी योजना द्यावी आणि दाढ वर चढवण्याचा खर्च क्लिनिकने सोसावा. ते जमत नसेल तर कॅपसाठी घेतलेली आगाऊ रक्कम परत करावी, मी काम दुसरीकडे पूर्ण करून घेईन. उत्तर लेखीच हवं; रिसेप्शनवरून येणारे "मॅडम, सरांशी बोलून सांगते" हे फोन आता पुरेत. लेखी योजना हातात येईपर्यंत वरच्या दाढेला हात लावायला माझी परवानगी नाही.

आपली,
एक रुग्ण