मृगाची पेरणी चुकवायला लावणाऱ्या काकांना

काका, रामराम.

समोर बसून आभार मानायला गेलो की तुम्ही विषय पावसावर नेता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय, नातू वाचून दाखवेल तुम्हाला.

मागच्या वर्षी खालच्या रानात सोयाबीनमधे सावा, ते रानगवत, इतका माजला होता की तासं दिसत नव्हती. पेरणीनंतर 18व्या दिवशी इमॅझेथापायर हे तणनाशक मारलं, एकरी 400 मिली, सांगतात तसंच, तर माठ, दुधी ही बाकीची तणं गेली आणि सावा चार दिवस मलूल होऊन परत उभा. आमच्याकडं लागोपाठ पाच-सहा वर्षं तेच औषध होतं, स्वस्त पडतं आणि सवयीचं. मी डबल डोसचा पंप भरतच होतो आणि तुम्ही बांधावरून ओरडत आलात. सोयाबीन आखडंल, मागनं ज्वारी पेरायची म्हणतोस ती पण मार खाईल, सावा तेवढा राहील. खरं सांगतो, राग आला होता तुमचा.

पण मग तुम्ही पाणी किती घेतलं, नोझल कुठलं, सावा किती पानाचा होता, फवारल्यावर पाऊस कधी आला, सगळं विचारलं आणि खाली बसून दाखवलंत की मेलेल्या साव्याला लागूनच तेवढ्याच उंचीचा जिवंत सावा उभा आहे. फवारा चुकला असता तर पट्टाच्या पट्टा सुटला असता म्हणालात. ते भिंग काढून पान देठापासून सोललंत, बाकीच्या गवतांना तिथं पातळ पापुद्रा नाहीतर केस असतात, साव्याला काहीच नाही. एवढी वर्षं शेती करतोय, हे कधी बघितलं नव्हतं.

औषधानं गवत निबर होत नाही, लाखात एखादं आधीच निबर असतं, आपण बाकीचे मारून त्याला रान मोकळं करून देतो, हे तुमचं वाक्य मी आता गावभर सांगत फिरतो. आणि ती हरियाणाची गोष्ट, गव्हातलं गुल्लीडंडा हे तण, 1990च्या सुमाराला आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला दाद देईना, काही शेतकऱ्यांनी हिरवा गहू कापून जनावरांना घातला, मग नवी औषधं आली आणि काही वर्षांनी त्यांनाही तो पुरून उरला. ते ऐकून मला घामच फुटला.

या वर्षी दुकानात 'नवीन आलंय' म्हणून डायक्लोसुलम या तणनाशकाची पुडी हातात दिली, मी घेऊनही आलो होतो. तुम्ही बघितल्या बघितल्या म्हणालात, नाव नवं, घाव इमॅझेथापायरसारखाच गवतातल्या त्याच एन्झाईमवर! लेबल वाचायचं ते डोस बघायला एवढंच मला माहीत, गट, म्हणजे औषध गवतात कुठं घाव घालतं ते, बघायचा असतो हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि मग ते थांबणं. मृगाचा पाऊस झाला, अख्ख्या शिवारात तिफणी चालू आणि आम्ही गवत उगवायची वाट बघत बसलेलो, उगवलं की पेरणीआधीच मारायचं म्हणून. घरात बोलणी खाल्ली, शेजारी विचारायचे बियाणं मिळालं नाही का. 12 दिवसांत रान हिरवंगार झालं, सावाच सावा, आणि तुम्ही खूश! ऊन बघून वखराची पाळी घालायला लावली, दोन बोटांच्या खाली पास, म्हणजे वखराचं पातं, जाऊ द्यायची नाही, खालचं बी वर आणायचं नाही. त्या दिवशी पाऊस आला असता तर उपटलेला सावा परत रुजला असता, नशीब नाही आला. 27 जूनला पेरलं, दुसऱ्या दिवशी ओलीवर पेंडीमिथॅलीन, गवत उगवायच्या आधी मारायचं तणनाशक. ते उगवलेल्या गवताला काही करत नाही, म्हणून पाळी साफ पाहिजे, यावरून ट्रॅक्टरवाल्याशी तुम्हीच भांडलात.

नंतर मागनं आलेल्या साव्यावर वेगळ्या गटाचं तणनाशक क्विझालोफॉप एकदा, कोळपं एकदा, आणि त्यातनंही उरलेला सावा आईनं आणि दोन बायांनी ओंबी पक्की व्हायच्या आत उपटून बांधाबाहेर नेला. हे शेवटचं काम मी टाळणारच होतो, तुमचा फोन आला म्हणून झालं. उतारा मृगातल्या पेरणीएवढाच पडला, थोडा कमी म्हणा, पण खुरपणीचा खर्च मागच्या वर्षीच्या निम्म्यावर आला. वरच्या दोन एकरात वेळ नव्हता म्हणून थांबलो नव्हतो, तिथं सावा आहेच, तुम्ही येऊन बघाल तेव्हा बोलाल ते ऐकून घेईन.

मळणी मशीन आमच्या रानात आणायच्या आधी झाडून घेतलं, दुसरीकडचं साव्याचं बी येऊ नये म्हणून, मशीनवाला हसला, हसू दे.

भिंग माझ्याकडंच राहिलंय काका. पोरगी दिवसभर त्यातनं मुंग्या बघत असते, रविवारी तिच्याकडनं काढून घेऊन येतो.